नौकेवर चढण्याआधीचा काशीतील दिवस

जलप्रवास सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच बंदराच्या शहरात पोहोचून एक पूर्ण दिवस हाताशी राखून ठेवणे हा क्रूझप्रवासाचा, म्हणजे राहण्याजेवणाच्या सोयींसह अनेक दिवस चालणाऱ्या नौकापर्यटनाचा, जगभर रूढ झालेला संकेत आहे, आणि त्यामागचे कारण शहर पाहण्याच्या हौसेचे नसून निव्वळ व्यवहाराचे आहे. आगगाडी किंवा विमान उशिरा पोहोचले तरी हॉटेलची खोली प्रवाशाची वाट पाहते, नौका पाहत नाही, म्हणून विलंबाची भरपाई करणारा एक दिवस वेळापत्रकातच धरावा लागतो आणि विलंब झालाच नाही तर तो दिवस प्रवाशाच्या पदरात मोकळा पडतो. गंगेवरील नौकापर्यटनाच्या बाबतीत हा संकेत अधिकच पाळावा लागतो, कारण पावसाळ्यात पुरामुळे आणि उन्हाळ्यात उष्णतेमुळे या पर्यटनाचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च एवढाच उरतो, आणि नेमक्या त्याच हंगामाच्या मध्यावर, डिसेंबर-जानेवारीत, उत्तरेच्या मैदानावर असे दाट धुके उतरते की आगगाड्या तासचे तास रखडतात.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसदसारख्या गावाहून निघणाऱ्या प्रवाशाला तर हा राखीव दिवस टाळताच येत नाही. पूस नदीकाठचे हे तालुक्याचे गाव १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होते आणि तो जिल्हा मोडल्यावर यवतमाळकडे आले, तरी प्रवासाच्या वाटा जुन्याच राहिल्या. लांबच्या गाडीसाठी पुसदकर आधी एसटीने वाशीम, नांदेड, अकोला किंवा नागपूर गाठतो आणि मगच त्याचा रेल्वेप्रवास सुरू होतो. वर्धा–यवतमाळ–पुसद–नांदेड या सुमारे २८४ किलोमीटरच्या लोहमार्गाचे काम दीर्घकाळ चालू असून त्यातील वर्धा ते कळंब या टप्प्यावर २०२४ मध्ये प्रवासी गाडी धावू लागली. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री ज्या तालुक्याने राज्याला दिले, त्या तालुक्याने रुळांसाठी इतकी वाट पाहावी, यातला उपरोध वेगळा सांगण्याची गरज नाही. नागपूरहून इटारसी, जबलपूर, प्रयागराज या मार्गाने पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, म्हणजे २०१८ पर्यंतचे मुगलसराय, आणि तेथून गंगा ओलांडून वाराणसी असा हा पल्ला एसटीच्या प्रवासासह दीड दिवस सहज खातो, आणि त्यात धुके मिसळले की हिशेब कोणालाच मांडता येत नाही.

ज्या नौकापर्यटनासाठी हा खटाटोप करायचा, त्याचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे ‘गंगा विलास’ ही नौका होय. वाराणसीच्या रविदास घाटावरून १३ जानेवारी २०२३ रोजी तिची पहिली सफर निघाली आणि बिहार, बंगाल, बांगलादेश व आसाम असा सुमारे ३२०० किलोमीटरचा जलमार्ग ५१ दिवसांत कापून आसामातील दिब्रुगड गाठण्याचा तिचा कार्यक्रम होता. ६२ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद अशा या तीन मजली नौकेत १८ खोल्या आणि ३६ प्रवाशांची सोय आहे. पहिल्या सफरीतील बहुतेक प्रवासी स्वित्झर्लंडचे होते. भाडे दरडोई दरदिवशी पंचवीस हजार रुपयांपासून सांगितले गेले, त्यामुळे ५१ दिवसांची पूर्ण सफर करणारा पुसदकर विरळाच असणार हे उघड आहे. परंतु लहान टप्प्यांच्या सफरी, तसेच २०१८ पासून वाराणसीच्या घाटांसमोरून फिरणारी ‘अलकनंदा’सारखी दोनेक तासांची नौका मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबालाही परवडते. सफर ५१ दिवसांची असो वा दोन तासांची, तिच्याआधी हाती आलेला दिवस काशीत कोठे घालवावा हा प्रश्न दोघांपुढे सारखाच असतो.

त्याचे उत्तर शोधताना काशीची भूरचना ध्यानात घेतली पाहिजे. हिमालयातून आग्नेयेकडे वाहणारी गंगा या शहरापाशी वळण घेऊन काही अंतर दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणून येथे तिला उत्तरवाहिनी म्हणतात. तिचा पश्चिम काठ चुनखडी खड्यांच्या कठीण मातीचा, म्हणजे कंकराचा, आणि उंच आहे, तर पूर्वेचा काठ सखल, वाळूचा आणि पुरात बुडणारा असल्याने ओसाड राहिला आहे. परिणामी सारे शहर एकाच काठावर वसले, अस्सी आणि वरुणा या दोन प्रवाहांच्या दरम्यान सुमारे साडेसहा किलोमीटरच्या पट्ट्यात चौऱ्याऐंशी घाटांची रांग उभी राहिली आणि उगवत्या सूर्याचे पहिले ऊन अडथळ्याशिवाय थेट तिच्यावर पडू लागले. म्हणजेच काशीचा दर्शनी भाग पाण्यावरून आणि सकाळी पाहण्यासाठीच जणू घडला आहे, आणि नौकेवर चढणाऱ्याला तो दुसऱ्या दिवशी आपसूक दिसणार आहे. म्हणून मोकळ्या दिवशी होडी करून घाट पाहणे म्हणजे एकच वस्तू दोनदा विकत घेणे होय. त्या दिवशी पाहायचे ते नौकेवरून न दिसणारे, म्हणजे घाटांच्या मागचे वाडे, गल्ल्या, पाठशाळा, देवळे आणि त्यांत चारशे-पाचशे वर्षे राहत आलेली माणसे. मराठी प्रवाशाच्या बाबतीत या युक्तिवादाला आणखी वजन येते, कारण पाण्यावरून जी दगडी आघाडी दिसते तिचा मोठा भाग मराठ्यांनी बांधलेला असला, तरी बांधणाऱ्यांची नावे आणि त्यांच्यामागचा समाज कळायचा तर जिने चढून आतच शिरावे लागते.

एका दिवसात काशी पाहण्याची कल्पनाही आधुनिक नाही. अस्सी, दशाश्वमेध, मणिकर्णिका, पंचगंगा आणि वरुणासंगमावरील आदिकेशव या पाच स्थानी एकाच दिवसात स्नान व दर्शन करण्याची पंचतीर्थी यात्रा शतकानुशतके चालत आली आहे, आणि ज्या यात्रेकरूपाशी पाच दिवसांच्या पंचक्रोशी प्रदक्षिणेइतका वेळ किंवा बळ नसेल त्याच्यासाठी ती पुरेशी मानली गेली. यात्रेकरूंच्या अशा आचाराचे सर्वांत प्रमाणभूत विवेचन करणारा ग्रंथ ‘त्रिस्थलीसेतु’ होय. प्रयाग, काशी आणि गया या तीन स्थळांच्या यात्रेला त्रिस्थळी यात्रा म्हणतात, आणि तिचा विधी सांगणारा हा ग्रंथ सोळाव्या शतकात नारायणभट्टांनी लिहिला, ज्यांचे वडील रामेश्वरभट्ट पैठणहून काशीस येऊन स्थायिक झाले होते. प्रवासवर्णनाचा किंवा मार्गदर्शिकेचा मान या ग्रंथाला कोणी देत नाही, पण वास्तविक पाहता कोठे आधी जावे, काय करावे, अडचण आल्यास काय सोडून द्यावे हे सारे त्यात आहे. मूर्ती वा लिंग जागेवर नसेल तर रिकाम्या स्थानालाही प्रदक्षिणा घालता येते, अशी राजकीय उलथापालथीच्या काळाला ओळखून केलेली व्यवहारी सवलतसुद्धा त्यात आढळते. याच नारायणभट्टांचा पुढाकार आणि अकबराचा मंत्री तोडरमल याचे पाठबळ यांतून विश्वेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभे राहिले. ‘निर्णयसिंधु’कार कमलाकरभट्ट हे त्यांचे नातू आणि १६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे पणतू, यावरून या एका पैठणी घराण्याचा विस्तार किती होता हे कळते.

वऱ्हाडातून काशीस जाणे ही रेल्वेपूर्व काळात आयुष्यात एकदाच, आणि तेही परतीची खात्री न धरता, करण्याची गोष्ट होती. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडले आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले, हा वृत्तांत त्यांच्या ‘माझा प्रवास’ या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे सर्वपरिचित आहे. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता ही शहरे जबलपूरमार्गे लोहमार्गाने जोडली गेली आणि १८८७ मध्ये काशीच्या राजघाटाजवळ गंगेवर पूल झाला, तेव्हा महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. मात्र परतल्यावर गंगापूजन करून गावजेवण घालण्याची, म्हणजे मावंद्याची, प्रथा टिकली, काळभैरवाचा काळा गंडा मनगटावर बांधून येणे टिकले आणि तांब्याचा तोंडबंद गडूही टिकला. पुसद परिसराला तर काशी घराजवळही आहे, कारण शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात असलेल्या पोहरादेवीला, जेथे सेवालाल महाराजांची समाधी आहे, बंजारा समाज आपली काशी मानतो. गहुलीच्या ज्या बंजारा कुटुंबात १९१३ मध्ये वसंतराव नाईकांचा जन्म झाला त्या समाजाचे पूर्वज बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ लादून उत्तर-दक्षिण वाहतूक करीत असत, त्यामुळे उत्तरेची वाट या तालुक्यातील तांड्यांना पुरोहितांइतकीच जुनी ठाऊक होती. पोहरादेवीस ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उघडलेल्या बंजारा विरासत संग्रहालयात या भटक्या व्यापाराचा इतिहास मांडलेला आहे, आणि काशीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी ते पाहून घेणे हा वाकड्या वाटेचा प्रवास ठरत नाही.

काशीतील मोकळा दिवस उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेकडे संपवणे सोयीचे, कारण जुनी मराठी वस्ती उत्तर भागात आहे आणि ‘गंगा विलास’ जेथून निघाली तो रविदास घाट अस्सीच्या पलीकडे अगदी दक्षिण टोकाला आहे; सामान त्या बाजूच्या मुक्कामी सोडून सकाळी रिक्षाने उत्तरेकडील मैदागिन चौकापर्यंत यावे आणि नंतर पायीच परतावे. मैदागिनजवळच्या गोलघरात काशी पत्रकार संघाचे पराडकर स्मृती भवन आहे. ज्यांच्या नावाने ते उभे आहे ते बाबूराव विष्णु पराडकर (१८८३–१९५५) काशीत जन्मलेले मराठी गृहस्थ, पण शिवप्रसाद गुप्त यांनी १९२० मध्ये काढलेल्या ‘आज’ या दैनिकाच्या संपादकपदावरून त्यांनी हिंदी वृत्तपत्रांची भाषा घडवली, इतकी की हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात त्यांचे स्थान आद्य संपादकांत धरले जाते. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर यांनी तर बंगालीत लिहून ‘देशेर कथा’ या १९०४ च्या पुस्तकाने स्वदेशी चळवळीच्या बंगालला हलवून सोडले. महाराष्ट्रात या दोघांची फारशी दखल घेतली गेली नाही, ही गोष्ट बाहेर गेलेल्या मराठी माणसांविषयी आपल्याकडे असलेल्या उदासीनतेला धरूनच आहे.

येथून काळभैरवाकडे आणि तेथून पंचगंगेच्या दिशेने उतरत जाणाऱ्या गल्ल्यांत ब्रह्माघाट, दुर्गाघाट, बिंदुमाधव, रामघाट या परिसराला मराठी मोहल्ल्याचे रूप आहे. काशीचा कोतवाल मानल्या गेलेल्या काळभैरवाचे सध्याचे देऊळ दुसऱ्या बाजीरावांच्या नावावर सांगितले जाते. गल्ल्या दोन माणसे एकमेकांना वाट देऊन जातील एवढ्याच रुंदीच्या, घरे चुनारच्या वाळूच्या दगडाची, चौकाभोवती खोल्या असलेली आणि बाहेरून जवळजवळ आंधळी. दारावरची पाटी किंवा गणेशपट्टी पाहिली तरच आत जोशी, दीक्षित, पाटणकर राहतात हे समजते. रामघाटावरील सांगवेद विद्यालयात वेद मुखोद्गत करण्याची पद्धत आजही चालू आहे. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत झालेल्या प्राणप्रतिष्ठेचे मुख्य आचार्य लक्ष्मीकांत दीक्षित हे काशीचेच होते, आणि त्यांचे घराणे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे. गणेशोत्सवाच्या दिवसांत हा मोहल्ला उघडपणे मराठी होतो. एरवी त्याची बोली बनारसीत इतकी मुरली आहे की पुसदकराला ती ऐकून आपले आणि परके दोन्ही एकाच वेळी वाटेल.

पंचगंगा घाट हा या दिवसाचा सर्वांत समृद्ध टप्पा असल्याने तेथे घाई करू नये. फ्रेंच व्यापारी तावेर्निये याने १६६५ च्या सुमारास ज्या प्रचंड बिंदुमाधव मंदिराचे वर्णन केले ते पुढे औरंगजेबाच्या कारकिर्दीत पाडले गेले आणि त्या जागी मशीद उभी राहिली. आजचे बिंदुमाधवाचे लहान देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवले. मशिदीचे उंच मिनार नदीवरून दुरून दिसत, आणि गंमत अशी की लोक त्यांना माधवरावाचा धरहरा, म्हणजे मनोरा, म्हणत. ते मिनार आता नाहीत, मशीद मात्र घाटाच्या माथ्यावर आहे आणि नौकेवरून हीच इमारत सर्वांत आधी नजरेत भरते. घाटाच्या खालच्या अंगास पावसाळ्यात बुडणाऱ्या लहान लहान देवळ्यांच्या खोल्या आहेत, ज्या पाण्यावरून केवळ काळ्या चौकटी वाटतात. शेजारच्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी सनईचा रियाज केला, आणि याच काठाशी वारकरी परंपरेचा एक मूळ धागाही गुंतलेला आहे: एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपल्या टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणास लिहिले, उरलेला ग्रंथ काशीत लिहून १५७३ मध्ये कार्तिकी पौर्णिमेस पूर्ण केला. प्राकृतात भागवत आणणाऱ्या या ग्रंथाला काशीच्या पंडितांनी आधी विरोध केला आणि नंतर हत्तीवरून त्याची मिरवणूक काढली अशी परंपरा आहे. ही कथा जशीच्या तशी मान्य करण्याचे कारण नाही, पण तिने एक गोष्ट पक्की होते, ती ही की मराठी ग्रंथाला प्रतिष्ठेसाठी काशीची मोहोर हवी वाटत होती. ज्या पुसद परिसरात दर एकादशीला हा ग्रंथ कोठे ना कोठे वाचला जातो तेथील प्रवाशाला या जिन्यांवर थांबण्यास दुसरे निमित्त नको.

पंचगंगेहून दक्षिणेकडे काठाकाठाने जाताना नागपूरकर भोसल्यांचा घाट लागतो, जो अठराव्या शतकाच्या अखेरचा असून किल्ल्याच्या तटासारख्या सरळ भिंतीमुळे ओळखू येतो. त्यानंतरचा शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधवला, परंतु बांधकामाचे वजन काठाच्या मातीला पेलले नाही आणि तो खचला; शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ एका बाजूस कललेले आणि वर्षातील बराच काळ पाण्यात उभे असलेले दिसते. नदीकाठी पायावर किती भार टाकावा याचे गणित चुकले की राजघराण्याच्या पैशालाही काय होते याचा हा उत्तम नमुना आहे. मणिकर्णिकेवर चिता अखंड जळत असतात. तेथून शांतपणे पुढे जावे आणि कॅमेरा पिशवीत ठेवावा, एवढेच सांगणे पुरे.

विश्वनाथाच्या देवळाविषयी मात्र वेळेचे गणित आधीच बांधावे लागते. सध्याचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये पूर्ण केले आणि शिखरावरील सोने पंजाबच्या रणजितसिंहांनी दिले. १३ डिसेंबर २०२१ रोजी उद्घाटन झालेल्या विश्वनाथ धामाने, म्हणजे घाटापासून देवळापर्यंत केलेल्या मोकळ्या विस्तीर्ण प्राकाराने, तीनशेच्या आसपास घरे व मालमत्ता हटवून गंगेवरून देवळाकडे थेट वाट काढली, आणि त्या प्राकारात अहिल्याबाईंचा पुतळाही बसवला. या कामाने वृद्ध यात्रेकरूंची ससेहोलपट थांबली यात शंका नाही. त्याचबरोबर काशीची ओळख असलेल्या गल्ल्यांचा एक सलग पुंजका कायमचा गेला हेही खरे, आणि उत्तरेकडच्या मराठी मोहल्ल्याचे मोल त्यामुळे वाढले. देवळात मोबाइल, पिशव्या, पट्टे नेता येत नाहीत, या वस्तू बाहेर लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात आणि सोमवारी व श्रावणात रांगेचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी नौका गाठायची असेल तर दर्शन मोकळ्या दिवशीच दुपारच्या आत उरकणे शहाणपणाचे. जवळच अन्नपूर्णेचे देऊळ आहे, जे थोरल्या बाजीरावांच्या काळातील बांधकाम मानले जाते.

दशाश्वमेधाच्या लगत मानमंदिर घाटावर आमेरच्या मानसिंहाच्या वाड्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे, म्हणजे सूर्य आणि तारे यांची स्थाने मोजण्यासाठी चुन्या-दगडात बांधलेली प्रचंड यंत्रे. ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील असून नौकेवरून वाड्याचा सुबक सज्जा तेवढा दिसतो, यंत्रे अजिबात दिसत नाहीत. या वेधशाळेचे वर्णन करणारी पुस्तिका लिहिणारे बापूदेव शास्त्री (१८२१–१८९०) जन्माने पुण्याचे, पण त्यांचे शिक्षण नागपूरच्या मराठी शाळेत सुरू झाले आणि पुढे बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात गणित व ज्योतिष शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले. पाश्चात्त्य बीजगणित हिंदी आणि संस्कृतात आणणाऱ्या या पंडिताचे नाव नागपूरच्या कोणत्या चौकास आहे का, हे शोधायला हरकत नाही.

दशाश्वमेध घाट १७४८ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधवला आणि पुढे अहिल्याबाईंनी त्यात भर घातली असे सांगतात. त्याच्या दक्षिणेस अहिल्याबाईंच्या नावाचा घाट आणि त्याला लागून मुन्शी घाट आहे. हा मुन्शी घाट हेच वऱ्हाडी प्रवाशाचे या दिवसातील खरे गंतव्य. नागपूरच्या भोसल्यांचे मंत्री श्रीधर मुन्शी यांनी १८१२ च्या सुमारास तो बांधवला, आणि दरभंग्याच्या महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वरचा वाडा विकत घेतल्याने त्याचा मोठा भाग आता दरभंगा घाट म्हणून ओळखला जातो. उंच खांबांची ती इमारत काशीच्या छायाचित्रांत हमखास असते. वऱ्हाड त्या काळात निजामाचा सुभा होता, पण त्याच्या महसुलात नागपूरकर भोसल्यांचा वाटा असे, आणि दोन धन्यांच्या या वसुलीला दुअमली म्हणत. १८०३ मध्ये देवगावच्या तहाने भोसल्यांचा तो हक्क संपला. पूस आणि पैनगंगेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातला नेमका किती पैसा काशीच्या दगडांत गेला हे सांगता येण्यासारखे नाही, मात्र ज्या दरबाराच्या तिजोरीतून भोसले घाट उभा राहिला त्या तिजोरीत वऱ्हाडचा वसूल जमा होत होता, एवढे निश्चित. मराठी दानशूरपणाच्या कौतुकात साऱ्याची ही बाजू सहसा येत नाही. काशीच्या घाटांवर शिंदे, होळकर, भोसले, पेशवे यांची नावे कोरली गेली, पण सारा भरणाऱ्याचे गाव कोठेच कोरलेले नाही.

येथून अस्सीपर्यंतचा पट्टा झपाट्याने चालून जावा. भदैनीत झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान-स्मारक आहे. दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा काशीत राहत असताना त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांबे यांची ही कन्या, आणि तिचे मणिकर्णिका हे नाव घाटावरूनच आलेले. सारनाथ आणि पलीकडच्या काठावरील रामनगरचा किल्ला या दोन स्थळांचा मोह मोकळ्या दिवशी आवरावा, कारण बहुदिवशीय सफरींच्या कार्यक्रमात सारनाथ बहुधा असतेच, आणि नसल्यास तेथील पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते हे ध्यानात ठेवून त्यासाठी स्वतंत्र अर्धा दिवस काढावा. खाण्याबाबत फार लिहिण्याचे कारण नाही; सकाळी कचोरी-जिलेबी, दुपारी टमाटर चाट आणि, हिवाळा असेल तर, दुधाचा फेस रात्रीच्या दहिवरात ठेवून केलेला मलइयो एवढे पुरे, कारण मलइयो थंडी संपताच बाजारातून नाहीसा होतो.

नौका निघाल्यावर काठावरचा हा दिवस संपतो, पण त्याचा दुसरा अध्याय पुढे पाण्यावर वाट पाहत असतो. हल्दिया ते प्रयागराज हा १६२० किलोमीटरचा जलमार्ग १९८६ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ म्हणून जाहीर झाला आहे, तरी हिवाळ्यात नदी उतरते आणि दीड मीटरहून कमी पाण्यात चालू शकणाऱ्या ‘गंगा विलास’च्या प्रवाशांनाही पहिल्याच सफरीत छपऱ्याजवळ चिरांदचे उत्खननस्थळ पाहण्यासाठी लहान होड्यांनी काठावर जावे लागले. पाटणा, मुंगेर, फरक्का ओलांडून नौका भागीरथीत शिरली की मुर्शिदाबाद आणि काटवा लागतात. १७४२ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांचा तळ याच काटव्यास होता, आणि त्यांच्या घोडेस्वारांनी, ज्यांना बंगालीत बर्गी म्हणतात, गावे लुटली, जाळली, माणसे मारली. त्यांच्या धाकाने मुले निजवण्याची अंगाई बंगालमध्ये आजही गायली जाते. १७४४ मध्ये नवाब अलिवर्दीखानाने भास्करराम यांना भेटीस बोलावून मारवले, आणि १७५१ च्या तहाने ओरिसाचा वसूल व वर्षाला बारा लाख रुपये चौथाई नागपूरला मिळू लागली. काशीच्या भोसले घाटावर ज्या घराण्याला धर्मकार्याचे श्रेय दिले जाते त्याच घराण्याचे नाव नदीच्या खालच्या अंगास लुटीच्या संदर्भात घेतले जाते. नौकेवरील मार्गदर्शक विदेशी प्रवाशांना काटव्यापाशी बर्गींची हकीकत सांगू लागला आणि श्रोत्यांत कोणी पुसदचा असला, तर ते स्वार कोणाचे होते हे त्याला विचारावे लागणार नाही. मुन्शी घाटाच्या पायऱ्या त्याने काही दिवसांपूर्वीच चढलेल्या असतील.